वाचकांचे प्रश्न : न्यूरोसायकॉलॉजिस्टची कारकीर्द आणि व्यवसायाचे नेतृत्व

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये न्यूरोसायकॉलॉजी या व्यवसायाबद्दलची पत्रे बरीच होती. मेंदूच्या आजाराचा किंवा इजेचा माणसाच्या स्मरणावर, भाषेवर, एकाग्रतेवर आणि वागण्यावर काय परिणाम झाला आहे, हे मुलाखत, निरीक्षण आणि प्रमाणित चाचण्या यांच्या आधारे शोधून काढणे आणि त्यावरून उपचार, पुनर्वसन व रोजच्या व्यवहारांबाबत सल्ला देणे, हे न्यूरोसायकॉलॉजिस्टचे काम. पत्रे लिहिणाऱ्यांत विद्यार्थी आहेत, काही वर्षे काम केलेले व्यावसायिक आहेत आणि रुग्णांचे नातेवाईकही आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. मला न्यूरोसायकॉलॉजीकडे वळायचे आहे. पण माझ्या काही शिक्षकांचे म्हणणे असे, की मेंदूत बिघाड कुठे आहे हे आता एमआरआयमध्येच दिसते, त्यामुळे तासन्‌तास चाचण्या घेणाऱ्या माणसाची गरज फारशी उरलेली नाही. हे खरे आहे का?

उत्तर : तुमच्या शिक्षकांच्या म्हणण्यात तथ्याचा एक भाग आहे आणि तो आधी मान्य करायला हवा. वॉर्ड हॅलस्टेड यांनी १९३५ मध्ये शिकागो विद्यापीठात मेंदूच्या रुग्णांची मानसशास्त्रीय तपासणी करणारी प्रयोगशाळा सुरू केली आणि पुढे त्यांचे विद्यार्थी राल्फ रायटन यांनी त्या चाचण्यांचा संच वाढवला, त्या काळात कवटी न उघडता बिघाडाची जागा ओळखण्याचे मार्ग मोजकेच होते. गाठ डावीकडे आहे की उजवीकडे, या डॉक्टरांच्या प्रश्नाला चाचण्यांच्या निकालांवरून उत्तर देणे हा त्या वेळी या व्यवसायाचा मोठा भाग होता. १९७० च्या दशकात सीटी स्कॅन आणि त्यानंतरच्या दशकात एमआरआय रुग्णालयांत आले, तसे ते काम यंत्राकडे गेले, आणि रुग्णाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले.

मात्र चित्रावरून बिघाडाची जागा समजते; माणसाला आता काय जमते, काय जमत नाही आणि का जमत नाही, हे त्यावरून समजत नाही. डोक्याला मार लागल्यानंतर स्कॅन निर्दोष आलेला माणूस कामावर रुजू होतो आणि दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळताना गडबडून जातो. उलट, स्कॅनमध्ये वयोमानाने झालेले बरेच बदल दिसत असूनही एखादी वृद्ध व्यक्ती आपले व्यवहार चोख पाहते. या दोघांनाही जे प्रश्न पडतात, म्हणजे नोकरी करता येईल का, गाडी चालवावी का, पैशांचे व्यवहार कोणी पाहावेत, त्यांची उत्तरे वागणुकीच्या काटेकोर परीक्षणातूनच मिळतात.

ब्रेंडा मिल्नर यांचे उदाहरण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. हेन्री मोलेसन या तरुणाची अपस्माराची तक्रार औषधांना दाद देत नव्हती, म्हणून १९५३ मध्ये विल्यम स्कोव्हिल या शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी निगडित रचनेचा बराचसा भाग असलेला अंतर्भाग काढून टाकला. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडलेली कोणतीही गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. मिल्नर आणि स्कोव्हिल यांनी १९५७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काय काढले आहे, हे शल्यचिकित्सकाला माहीत होते. पण उरलेल्या मेंदूला काय येते, हे शोधायचे काम मिल्नर यांचे होते. त्यांनी त्याला एक साधे काम दिले : हात थेट दिसणार नाही अशी आडोशाची सोय करून, आरशातल्या प्रतिबिंबाकडे पाहत चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायची. सुरुवातीला कोणाचाही हात भलतीकडेच जातो. मोलेसनचाही गेला. तीन दिवसांच्या सरावात त्याच्या चुका सातत्याने कमी होत गेल्या आणि शेवटी तो सफाईने चांदणी काढू लागला, मात्र हे काम आपण यापूर्वी कधी केले आहे, याची त्याला प्रत्येक दिवशी काहीच आठवण नव्हती. स्मरण ही एकसंध शक्ती नसून हाताचे कौशल्य आणि प्रसंगांची आठवण यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत, ही गोष्ट अशा टेबलावरच्या कामातून पुढे आली. तेव्हा, तुम्हाला या क्षेत्रात यावेसे वाटत असेल, तर यंत्राच्या भीतीने मागे फिरू नका. यंत्राने या व्यवसायाचा एक प्रश्न सोडवला आहे. बाकीचे, आणि माझ्या मते अधिक अवघड असलेले प्रश्न अजून आपल्याकडेच आहेत.

प्रश्न : एका ज्येष्ठ न्यूरोसायकॉलॉजिस्टवरील गौरवलेखात ‘संशोधक, चिकित्सक आणि व्यवसायाचे नेतृत्व करणारी व्यक्ती’ असे वर्णन वाचले. पहिल्या दोन गोष्टी समजल्या. तिसरीचा नेमका अर्थ काय? संस्थेचे अध्यक्षपद भूषवणे एवढाच का?

उत्तर : अध्यक्षपद हा त्या कामाचा दिसणारा भाग आहे. रुग्णासमोर चाचणीचे साहित्य घेऊन कोणी बसावे, त्याचे शिक्षण किती असावे, त्याने काढलेला निष्कर्ष कशाच्या आधारावर ग्राह्य धरावा आणि या कामाचा मोबदला कसा ठरावा, हे प्रश्न कोणीतरी सोडवावे लागतात. जे लोक आपल्या कारकिर्दीची अनेक वर्षे त्यासाठी देतात, त्यांना व्यवसायाचे नेते म्हणतात. हे काम समित्यांच्या बैठकांत, मसुद्यांच्या पुनर्लेखनात आणि पत्रव्यवहारात होते, म्हणून ते बाहेरच्यांना दिसत नाही.

अमेरिकेतला या व्यवसायाचा इतिहास पाहिला तर हे स्पष्ट होते, कारण तिथे प्रत्येक टप्प्याच्या नोंदी आहेत. १९६० च्या दशकात या क्षेत्रात लोक वेगवेगळ्या दारांनी येत होते. कोणी चिकित्सा मानसशास्त्रातून, कोणी मज्जाविकारांच्या वॉर्डातून, कोणी प्राण्यांवरील प्रयोग सोडून. स्वतःला न्यूरोसायकॉलॉजिस्ट म्हणवून घेण्यासाठी किमान काय यायला हवे, याबद्दल कोणतेही एकमत नव्हते. १९६७ मध्ये इंटरनॅशनल न्यूरोसायकॉलॉजिकल सोसायटी स्थापन झाली आणि वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांना एक व्यासपीठ मिळाले. १९७५ मध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ न्यूरोसायकॉलॉजी आली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये १९८० मध्ये या विषयाचा स्वतंत्र, चाळिसावा विभाग झाला, आणि वाचाघातावरील (मेंदूच्या इजेमुळे बोलण्या-समजण्याची भाषिक क्षमता बिघडण्यावरील) कामासाठी ओळखले जाणारे हॅरल्ड गुडग्लास त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९८१ मध्ये अमेरिकन बोर्ड ऑफ क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजी हे प्रमाणन मंडळ उभे राहिले. त्यासाठी खपलेल्यांत मॅनफ्रेड मायर यांचे नाव आदराने घेतले जाते. १९९६ मध्ये असोसिएशनने या शाखेला विशेषज्ञतेची औपचारिक मान्यता दिली आणि १९९७ मध्ये ह्यूस्टन येथे भरलेल्या परिषदेने प्रशिक्षणाचा आराखडा ठरवला, जो पुढे दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. म्हणजे पहिल्या संस्थेपासून प्रशिक्षणाच्या मान्य आराखड्यापर्यंत पोहोचायला तीस वर्षे लागली. या तीस वर्षांत ज्यांनी मसुदे लिहिले, त्यांपैकी बहुतेकांची नावे आज विद्यार्थ्यांनाही ठाऊक नसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या प्रमाणन मंडळाची परीक्षा कशी असते, ते जवळून पाहिले की नेतृत्व म्हणजे काय, हे अधिक नीट कळते. उमेदवाराचे शिक्षण व प्रशिक्षण आधी तपासले जाते. मग लेखी परीक्षा होते. त्यानंतर उमेदवाराने स्वतः तपासलेल्या दोन रुग्णांचे संपूर्ण अहवाल, ओळख पटेल असे तपशील काढून, सादर करायचे असतात. परीक्षक ते ओळ न्‌ ओळ वाचतात आणि तोंडी परीक्षेत त्यावर प्रश्न विचारतात : हीच चाचणी का निवडली, हा निष्कर्ष कोणत्या गुणांवरून काढला, दुसरे स्पष्टीकरण का नाकारले, रुग्णाला काय सांगितले. परीक्षक हे काम आपल्या रुग्णालयातले आणि विद्यापीठातले काम सांभाळून करतात. अनोळखी सहकाऱ्याचा अहवाल रात्री जागून वाचणे, त्यातली चूक सभ्यपणे पण स्पष्टपणे दाखवणे आणि अपुरी तयारी असलेल्याला या वेळी थांबा असे सांगणे, हे काम मला कोणत्याही उद्‌घाटनाच्या भाषणापेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण त्याचा लाभ पुढे येणाऱ्या प्रत्येक रुग्णाला होतो.

मोबदल्याचा विषय बोलायला अनेकांना संकोच वाटतो, पण तोही नेतृत्वाचा भाग आहे. अमेरिकेत वैद्यकीय सेवांचे शुल्क ठरावीक संकेतांकांनुसार मिळते. रुग्णाशी समोरासमोर घालवलेला वेळ मोजणे सोपे असते. पण न्यूरोसायकॉलॉजिस्टचे निम्मे काम रुग्ण गेल्यानंतर सुरू होते, जेव्हा तो गुणांची जुळवाजुळव करतो, जुनी कागदपत्रे वाचतो आणि निष्कर्ष लिहितो. २००६ मध्ये या संकेतांकांची फेररचना होऊन मानसशास्त्रज्ञाने केलेले काम आणि तंत्रज्ञाने केलेले काम वेगळे नोंदवले जाऊ लागले, आणि २०१९ च्या फेररचनेत चाचणी घेणे व तिचे व्यावसायिक मूल्यमापन करणे हेही परस्परांपासून वेगळे झाले. या दीर्घ प्रयत्नांत पुढाकार घेणारे अँटोनियो प्वेंटे पुढे २०१७ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले. विचार करण्याच्या वेळेला किंमत नसेल तर अहवाल घाईने लिहिले जातात आणि घाईच्या अहवालाचा फटका रुग्णाला बसतो, हे त्यामागचे साधे कारण.

प्रश्न : तुम्ही एखाद्या अशा व्यक्तीबद्दल लिहाल का, जिच्यात रुग्णतपासणी आणि नेतृत्व या दोन्ही बाजू एकत्र दिसतात?

उत्तर : इडिथ कॅप्लान यांच्याबद्दल आनंदाने लिहीन. त्यांचा जन्म १९२४ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. क्लार्क विद्यापीठात हाइन्झ वर्नर या विकास-मानसशास्त्रज्ञांकडे त्या शिकल्या. मुलाने उत्तर बरोबर दिले की चूक, यापेक्षा तो त्या उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने आला हे पाहावे, असा वर्नर यांचा आग्रह होता. ही शिकवण कॅप्लान यांनी बॉस्टनमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात मेंदूच्या रुग्णांना लावली, आणि त्यातून आज बॉस्टन प्रक्रिया पद्धती या नावाने ओळखली जाणारी कार्यपद्धती तयार झाली.

या पद्धतीचा अर्थ दोन उदाहरणांनी सांगतो. लाल-पांढऱ्या रंगांचे ठोकळे जुळवून चित्रातली नक्षी तयार करायची, अशी एक जुनी चाचणी आहे. नक्षी वेळेत झाली तर गुण, नाही झाली तर शून्य. दोन रुग्णांना सारखेच शून्य गुण मिळतात. पण एकाने चौकोनाची बाहेरची चौकटच मोडून ठोकळे वेडेवाकडे पसरवलेले असतात, तर दुसऱ्याने चौकट नीट राखून आतला एखादा ठोकळा चुकीचा फिरवलेला असतो. पहिली चूक उजव्या गोलार्धाला इजा झालेल्यांत अधिक दिसते, दुसरी डाव्या. गुणांच्या रकान्यात हा सगळा फरक पुसला जातो. दुसरे उदाहरण घड्याळाचे. रुग्णाला कोऱ्या कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात. मिनिटांचा काटा दोनच्या आकड्यावर जायला हवा; परंतु मेंदूच्या पुढच्या भागात बिघाड असलेल्या काही रुग्णांचा हात ‘दहा’ हा शब्द ऐकताच थेट दहाच्या आकड्याकडे ओढला जातो. घड्याळ कळत नाही असे नसते. समोर दिसणाऱ्या आकड्याची ओढ आवरत नाही. वेळ निवडताना केलेला हा विचार पाहिला, की चाचणी तयार करणे हे किती बारकाईचे काम आहे याची कल्पना येते.

नॉर्मन गेश्विंड या मज्जाविकारतज्ज्ञांबरोबर कॅप्लान यांनी १९६२ मध्ये एका रुग्णाचे निरीक्षण प्रसिद्ध केले. गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर हा गृहस्थ उजव्या हाताने नीट लिहीत असे, पण डाव्या हाताने लिहायला सांगितले की भलतेच शब्द कागदावर उमटत. न दाखवता डाव्या हातात एखादी वस्तू दिली, तर तिचे नाव तो चुकीचे सांगे. तीच वस्तू डाव्याच हाताने इतर वस्तूंतून मात्र अचूक निवडत असे. म्हणजे हाताला वस्तू ओळखता येत होती, फक्त ती माहिती भाषेचे केंद्र असलेल्या डाव्या गोलार्धापर्यंत पोहोचत नव्हती, कारण दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंना इजा झाली होती. डाव्या हाताने लिहून पाहा, असे सहसा कोण सांगते? सांगावेसे वाटणे, हीच या व्यवसायातली प्रतिभा.

गुडग्लास यांच्यासोबत त्यांनी वाचाघाताच्या तपासणीचा संच तयार केला. पुढे कॅप्लान चाळिसाव्या विभागाच्या आणि इंटरनॅशनल न्यूरोसायकॉलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. परंतु त्यांचे खरे नेतृत्व मला एका वेगळ्या गोष्टीत दिसते. त्यांच्या पद्धतीवर रास्त आक्षेप होता, की चुकांच्या प्रकारांचे असे वाचन निरीक्षकाच्या अनुभवावर अवलंबून राहते आणि दोन निरीक्षकांचे वाचन वेगळे होऊ शकते. रायटन यांच्या परंपरेतले लोक सर्व रुग्णांना एकच ठरलेला संच द्यावा आणि आकड्यांवर भरवसा ठेवावा असे म्हणत. आर्थर बेंटन यांच्यासारखे लोक छोट्या, नेमक्या आणि काटेकोरपणे प्रमाणित केलेल्या चाचण्यांवर भर देत. कॅप्लान यांनी आक्षेप झटकून टाकला नाही. १९८७ मध्ये डीन डेलिस आणि इतर सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलेल्या स्मरणचाचणीत सोळा शब्दांची यादी पाच वेळा ऐकवली जाते. हे सोळा शब्द चार गटांतले असतात, पण मिसळून वाचले जातात. किती शब्द आठवले, याच्याबरोबर रुग्णाने ते गटवारीने आठवले की ऐकलेल्या क्रमाने, तेच शब्द पुन्हा सांगितले का, यादीत नसलेले शब्द घुसले का, या प्रत्येक गोष्टीची गणना होते आणि निरोगी लोकांच्या गणनेशी तुलना करता येते. रुग्ण उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने आला हे बघायचे आणि त्या वाटेची मोजणीही करायची. मतभेदाचे रूपांतर दोन्ही बाजूंना वापरता येईल अशा साधनात करणे, हे मला नेतृत्वाचे सर्वांत सुंदर रूप वाटते. कॅप्लान यांचे २००९ मध्ये निधन झाले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या लोकांनी पुढची पिढी घडवली.

प्रश्न : मी बारा वर्षे या क्षेत्रात काम करतो आहे. व्यावसायिक संघटनेत पदाधिकारी म्हणून यावे, असा सहकाऱ्यांचा आग्रह आहे. रुग्ण पाहणे कमी होईल आणि हात बोथट होतील, अशी भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे, आणि ती वाटते आहे म्हणूनच तुम्ही हे काम करावे असे मला वाटते. रुग्ण पाहणे पूर्ण बंद करू नका. आठवड्यातला एक ठरावीक दिवस तपासणीसाठी राखून ठेवा आणि तो बैठकीसाठीही मोडू नका. नियम करणाऱ्याने गेल्या आठवड्यात स्वतः अहवाल लिहिलेला असेल, तर नियम भाबडे होत नाहीत.

सुरुवात अध्यक्षपदापासून करू नका. प्रशिक्षणाची, नीतिनियमांची किंवा परीक्षकांची समिती निवडा. नीतिनियमांच्या समितीत तक्रारींचे कागद वाचताना व्यवसाय कुठे कमी पडतो हे जितके कळते, तितके अन्यत्र कळत नाही. बहुतेक तक्रारी अज्ञानातून आलेल्या नसतात. निष्कर्ष रुग्णाला समजावून न सांगणे, पुराव्यापेक्षा जास्त ठामपणे लिहिणे, न्यायालयीन प्रकरणात ज्याने शुल्क दिले त्याच्या बाजूला कळत-नकळत झुकणे, असे त्यांचे स्वरूप असते.

हितसंबंधांबाबत आरंभापासूनच कडक राहा. ज्याने चाचणी तयार केली आहे आणि तिच्या विक्रीतून ज्याला मानधन मिळते, त्याने कोणत्या चाचण्या वापराव्यात हे ठरवणाऱ्या बैठकीत मत देऊ नये. जो प्रशिक्षणकेंद्र चालवतो, त्याने स्वतःच्या केंद्राच्या मान्यतेच्या चर्चेतून बाहेर पडावे. क्षेत्र लहान असले की सगळे सगळ्यांना ओळखत असतात आणि हे बोलायला अवघड जाते. तरीही पहिल्याच बैठकीत बोलून टाकावे, कारण नंतर ते व्यक्तिगत वाटते.

आणखी एक : स्वतःनंतरची माणसे तयार करा. मसुदा लिहिताना एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याला बरोबर घ्या आणि त्याचे नाव त्यावर घाला. अलेक्झांडर लुरिया या सोव्हिएत न्यूरोसायकॉलॉजिस्टनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उरल भागात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी पुनर्वसनाचे रुग्णालय उभे केले आणि तिथल्या अनुभवातून इजा झालेल्या मेंदूला नव्या मार्गाने तेच काम करायला शिकवता येते हा विचार मांडला. तो विचार पुढे अनेक देशांत रुजला, याचे एक कारण त्यांच्याबरोबर काम केलेल्या लोकांनी तो पुढे नेला, हे आहे.

प्रश्न : या क्षेत्रासाठी किती वर्षे शिकावे लागते? आणि माझे गणित कच्चे आहे, चालेल का?

उत्तर : प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत, म्हणून तुम्हाला जिथे काम करायचे आहे तिथल्या नियामक संस्थेची अट आधी वाचा. ह्यूस्टनच्या आराखड्यानुसार मानसशास्त्रातील डॉक्टरेट, त्यातच समाविष्ट असलेला इंटर्नशिपचा काळ आणि त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ निवासी प्रशिक्षण अपेक्षित असते. पदवीनंतर आठ-नऊ वर्षे सहज जातात. मेंदूची रचना, मज्जाविकार, औषधांचे परिणाम, मनोविकार, बालविकास आणि वार्धक्य हे सारे अभ्यासावे लागते, आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली रुग्ण पाहावे लागतात. ही देखरेख कुठल्याही पुस्तकाने भरून निघत नाही. प्रशिक्षणाचे ठिकाण निवडताना इमारत किंवा नाव यांपेक्षा, आठवड्यातून किती तास कोण तुमच्याबरोबर बसून तुमचे अहवाल वाचणार आहे, हे विचारा.

अवघड गणित लागत नाही, पण संख्याशास्त्राची भीती मात्र घालवावी लागेल. अनेक चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेले असतात याचे माप, १५ असते. ८५ गुण म्हणजे समवयस्क शंभरांतील साधारण सोळा जण या व्यक्तीच्या खाली आहेत. आता आयुष्यभर गणित शिकवलेल्या प्राध्यापकाला आकडेमोडीच्या चाचणीत १०० गुण मिळाले, तर ते सरासरी असूनही त्याच्यासाठी मोठी घसरण असू शकते; आणि जेमतेम शाळा शिकलेल्या माणसाचे ८५ गुण ही त्याची नेहमीची पातळी असू शकते. शिवाय वीस चाचण्या दिल्या तर पूर्ण निरोगी माणसालाही एक-दोन ठिकाणी कमी गुण मिळतात. एका कमी आकड्यावरून आजाराचे निदान करणारा अहवाल लिहायचा नसेल, तर ही समज हाडीमांसी खिळायला हवी.

प्रश्न : माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला. तपासणीच्या अहवालात ‘बहुतांश क्षमता सामान्य मर्यादेत’ असे लिहिले आहे, पण घरी ते कोणतेही काम सुरू करत नाहीत, अर्धवट सोडतात, चिडतात. अहवाल चुकीचा आहे का?

उत्तर : अहवाल चुकीचा असेलच असे नाही. तपासणीच्या खोलीत शांतता असते, समोरचा माणूस काय करायचे ते सांगतो, केव्हा सुरू करायचे आणि केव्हा थांबायचे हेही सांगतो. घरी हे सारे स्वतः ठरवावे लागते. मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेल्या यंत्रणांना इजा झाली असेल, तर दिलेले काम करता येते पण स्वतःहून सुरू करता येत नाही, आणि चाचण्यांच्या गुणांत हे नेहमी उतरत नाही. झटक्यानंतर नैराश्यही अनेकांना येते आणि ते वरवर असेच दिसते. त्यावर उपचार आहेत, म्हणून ते वेगळे तपासले गेले पाहिजे.

ज्यांनी तपासणी केली त्यांच्याकडे निष्कर्ष समजावून सांगण्यासाठी वेळ मागा. तो तुमचा हक्क आहे. जाताना घरातले तीन-चार प्रसंग लिहून न्या : केव्हा, काय सांगितले, त्यांनी काय केले, कुठे थांबले. ‘ते आळशी झाले आहेत’ या वाक्यापेक्षा ‘आंघोळीला जा म्हटले की उठतात, पण न सांगता दुपारपर्यंत बसून राहतात’ हे वाक्य तज्ज्ञाला कितीतरी अधिक उपयोगी पडते. त्यांची पात्रता आणि प्रशिक्षण विचारायलाही संकोच करू नका. चांगला व्यावसायिक या प्रश्नाने दुखावत नाही.

प्रश्न : संगणकावर घेतल्या जाणाऱ्या चाचण्या आता सर्वत्र दिसतात. पुढच्या दहा वर्षांत हा व्यवसाय त्यांच्याकडे जाईल का?

उत्तर : प्रतिसादाचा वेळ संगणक माणसापेक्षा अचूक मोजतो, गुणांची बेरीज चुकवत नाही आणि दूरच्या रुग्णापर्यंत पोहोचतो. या गोष्टी स्वीकाराव्यात. परंतु कोणतीही चाचणी, कागदावरची असो वा पडद्यावरची, ज्या लोकांवर प्रमाणित केली त्यांच्याशी तुमच्या रुग्णाचे वय, शिक्षण आणि भाषा जुळत नसेल, तर तिच्या आकड्याला अर्थ उरत नाही. ज्या वृद्ध व्यक्तीने कधी पडद्याला बोट लावलेले नाही, तिच्या संथ प्रतिसादात मेंदूचा भाग किती आणि अपरिचयाचा किती, हे पडदा सांगणार नाही. ते पाहण्यासाठी खोलीत माणूस लागतो, आणि कोणत्या चाचणीला मान्यता द्यावी, तिची प्रमाणके कोणत्या लोकांकडून गोळा करावीत, तिचे निकाल कोणी वाचावेत, हे ठरवण्यासाठी वर सांगितलेल्या समित्याच लागतात. जे विद्यार्थी आज संगणकीय चाचण्या आणि संख्याशास्त्र दोन्ही शिकत आहेत, त्यांनी अशा समित्यांत लवकर यावे, कारण पुढील काही वर्षांत तिथे सर्वाधिक काम याच विषयाचे असणार आहे.